बेगमी: कोकण रेल्वेतल्या बफरिंगच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२४, मंगळवार

नोंदी ठेवायच्या ठरल्यात, कारण मागच्या वेळी दोन महिन्यांनी अमुक गोष्ट आपण का केली हेच कुणाला आठवेना. आमचं अ‍ॅप दशावताराचं आहे, रेकॉर्ड केलेली नाटकं, व्हिडिओ, जोडीला थोडी कीर्तनं. बघणारे निम्मे मुंबईतले चाकरमानी, ते गावाला जाताना गाडीत बघणार हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरी आम्ही आजवरची सगळी टेस्टिंग डोंबिवलीच्या खोलीत वायफायवर केलीय. असो.

आज तक्रारींची वही काढली तर एकच रडगाणं. गाडी बोगद्यात गेली की नाटक थांबतं. ते समजू शकते, बोगद्यात रेंज कुठून येणार. पण एका काकांनी लिहिलंय की बोगद्यातून बाहेर आलो, फोनला चार काड्या दिसतायत, बाजूच्याचं व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, आणि आमचा राजा हात वर करून तस्साच उभा. हे मात्र आपलं पाप दिसतंय.

टीममध्ये तिघं. अ‍ॅप मी बघते, सर्व्हर मित्र बघतो, आणि दादा, म्हणजे ज्याने दशावतार मंडळांच्या मागे फिरून ही सगळी रेकॉर्डिंग मिळवली तो. दादाचं म्हणणं सप्टेंबरात गणपती, ७ तारखेला चतुर्थी, त्याआधी काय ते करा.

५ जुलै, शुक्रवार

बसल्या जागी होईल तेवढा हिशोब केला. कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर ७४१ किमी, त्यात ९१ बोगदे, सगळे मिळून सुमारे ८४ किमी. सगळ्यात लांब करबुडे, उक्षी आणि भोकेच्या मध्ये, साडेसहा किमी. त्याखालोखाल नातूवाडी, टिके, बेर्डेवाडी, हे तिन्ही चार किमीच्या आसपास.

आता गाडी ताशी ७५ ने गेली असं धरलं तर करबुड्याला ३१२ सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या वर. आणि आपला प्लेअर किती पुढचं भरून ठेवतो? जास्तीत जास्त ५० सेकंद. अँड्रॉइडच्या त्या प्लेअर लायब्ररीची (प्लेअरचा आयता मिळणारा कोड) डिफॉल्ट सेटिंग, आम्ही कधी हात लावलेला नाही. शहरात ५० सेकंद पुष्कळ झाले. करबुड्यात पहिला किलोमीटर सरतो न सरतो तोच साठा रिकामा.

आणखी एक. ही सगळी स्ट्रीमिंगची हुशारी, नेट स्लो झालं की क्वालिटी उतरवायची, फास्ट झालं की चढवायची, ती आत्ता नेट किती आहे त्यावर चालते. पुढे काय येणारे हे तिला माहीतच नसतं. रस्त्यावरच्या माणसासाठी ठीक आहे कारण तो कुठे वळेल कोण सांगणार. पण आगगाडी? रूळ सोडून कुठे जाणार ती? बोगदा १९९८ पासून आहे तिथेच आहे. जे आपल्याला पक्कं माहीत आहे तेवढंच नेमकं आपण प्लेअरला सांगितलेलं नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) रुळाच्या तुकड्यांना बोगदा म्हणून खूण असते, तिथून सगळे काढले, रोह्यापासूनच्या अंतरानुसार लावले. अर्ध्या दिवसाचं काम. छोटे बोगदे सोडले तरी चालतील, ते ५० सेकंदात भागतात.

१५ जुलै, सोमवार

उद्याचं तिकीट होतं, रद्द केलं. काल दिवाणखवटीजवळ दरड आली, अख्खा मार्ग बंद, त्याआधी ९ तारखेला पेडण्याच्या बोगद्यात पाणी. ८ तारखेच्या पावसात तर आम्ही डोंबिवलीतूनच हललो नव्हतो. आत्या फोनवर म्हणाली आता येव नको, पाऊस जरा थांबांदे. पाऊस थांबायची वाट बघत बसले तर दिवाळी उजाडेल.

या वेळात लॉगर लिहून काढला. दर दोन सेकंदांनी वेळ, जीपीएस, सिग्नलची ताकद आणि एक छोटी फाईल उतरवायला लागलेला वेळ, सगळं फोनमध्येच साठवायचं. दोन फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. कंपन्यांची नावं नोंदीत लिहायची नाहीत, आपल्याला कुणाची परीक्षा घ्यायची नाहीये.

२४ जुलै, बुधवार, मांडवी एक्स्प्रेसमधून

ठाण्याहून बसले, स्लीपर, खिडकी. पारसिकचा बोगदा ही रंगीत तालीम, १९१६ चा बोगदा आणि लांबी जेमतेम सव्वा-दीड किमी, आला कधी गेला कधी कळलं नाही, आपले ५० सेकंद पुरले. पनवेल सोडल्यावर पाऊस जो लागला तो लागलाच.

समोर एक काका, कणकवलीला उतरणारे, कानात काही न घालता फोनवर दशावतार (आपलं अ‍ॅप नव्हतं, हे मी हळूच वाकून बघून घेतलं). नातूवाडीच्या बोगद्यात ते गोल फिरायला लागलं. काकांनी काय करावं? फोन खिडकीच्या गजांना लावून धरला. बोगद्यात! बाहेर नुसता काळा दगड आणि ठिबकणारं पाणी आणि हे फोन धरून बसलेत, मग दोनदा झटकला, मग पोटावर पालथा ठेवून डोळे मिटले. बाहेर आल्यावरही त्यांनी तो उचलला नाही, खेड गेलं, डायरेक्ट चिपळूणला वडा घेताना उचलला. हे मी लॉगरमध्ये कुठल्या रकान्यात लिहू? नाटक थांबतं बोगद्यापुरतं, माणूस उठून जातो तो अर्धा तास.

आता मुख्य गोष्ट. संगमेश्वरनंतर उक्षीला गाडी थांबली, क्रॉसिंग. वीर स्टेशनच्या पुढे सिंगल लाईन, समोरची येईपर्यंत बसा. सतरा मिनिटं. मी टाइमटेबलवरून बांधलेला जो अंदाज होता (अमुक वाजता करबुडे, त्याच्या दहा मिनिटं आधी भरायला घ्या) त्याचे तीनतेरा. आणि मग बोगद्यात गाडी शिरली ती अशी की जणू काही घाई नाहीच. पाऊस जोरदार असला की ताशी ४० ने चालवायचं असा कोकण रेल्वेचा पावसाळ्यातला नियमच आहे. मी घड्याळ लावून बसले होते, करबुड्याला लागले दहा मिनिटांना दहा सेकंद कमी. म्हणजे मी ७५ च्या हिशोबाने भरलेलं सगळं अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे संपलं आणि उरलेला बोगदा मी आणि काका दोघंही अंधारात एकमेकांकडे बघत बसलो.

रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, तिथे दोन्ही फोनांना फुल्ल रेंज. कामाचं काही नाही, उगाच लिहून ठेवलं. खाली बघवत नाही.

२५ जुलै, गुरुवार, कुडाळ

आत्याकडे लॉग उघडून बसले. आत्या फणसाच्या आठळ्या सोलत होती. काय करतंस गो, म्हणून विचारलं तर सगळं सांगितलं, बोगदे कुठे आहेत ते माहितीय, किती वेळ लागणार ते पावसावर, मग नाटक मध्येच संपतं वगैरे. तिने मान पण वर केली नाही. म्हणाली, "मगे आदीच भरून ठेवूक काय झाला? पावसाआधी बेगमी करतत ना, तसा करा." पाऊस किती दिवस राहील ते कुणाला माहीत नसतं म्हणून कोण जुलैपुरतेच तांदूळ भरतं का, असं पण पुढे ऐकवलं.

फीचरचं नाव ठरलं. बेगमी. दादाला मेसेज केला, त्याचे चार अंगठे आले.

तर बेगमी करायची ती सगळ्यात वाईट दिवसाची, ताशी ४० ची. मग आकडे असे येतात. ३६०पी (म्हणजे हलक्या क्वालिटीचं) चित्र साधारण ६०० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट, आवाज ६४. करबुड्याच्या ५९० सेकंदांना चित्र आणि आवाज मिळून ४९ एमबी. नुसता आवाज? पावणेपाच एमबी. पावणेपाच! हा आकडा मी तीनदा तपासला. इतका वेळ आम्ही चित्रावर डोकं फोडत होतो, आणि दशावतार अर्धा तर कानांनीच बघतात, पेटी, पखवाज, झांज आणि संवाद. चित्र अडकलं तर अडकू दे, आवाज थांबता कामा नये. एवढं झालं तरी काका फोन पालथा घालणार नाहीत.

३० जुलै, मंगळवार

आज 'बाहेर आलो तरी बंद' याचा गुन्हेगार सापडला. मीच.

लॉगमध्ये दिसतं की भोकेच्या अलीकडे सिग्नल परत आला, छोटी फाईल दोन सेकंदांत उतरली, तरी व्हिडिओचा पुढचा तुकडा ५० सेकंद आलाच नाही. मित्राने टीसीपीचं (नेटवरून तुकडे पाठवायची आणि पोच घ्यायची पद्धत) काय ते समजावलं. सर्व्हर तुकडा पाठवतो, पोच आली नाही की पुन्हा पाठवतो, पण दर वेळी थांबायची वेळ दुप्पट करत जातो, एक सेकंद, दोन, चार, आठ, आणि लिनक्सवर हे १२० सेकंदांपर्यंत ताणलं जाऊ शकतं. म्हणजे सर्व्हरने समजूत करून घेतलेली असते की समोरचा गेला, आता निवांत विचारू. तेवढ्यात गाडी बाहेर येते, आणि हा अजून मोजतोय. आपला फोन पण गप्प, कारण त्याला वाटतं जुनी जोडणी जिवंत आहे, येईलच की काहीतरी. दोघं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलेल्या व्याह्यांसारखे.

खरं तर लायब्ररीत आठ सेकंद काही आलं नाही की जोडणी तोडून नवीन करायची सोय असते. ती आठची साठ कुणी केली? कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) काढलं तर गेल्या वर्षीचं, माझंच, वर टीप: 'स्लो नेटसाठी वाढवलं'. जेव्हा केलं तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आता परत आठ. शिवाय नेटवर्क आलं असं अँड्रॉइडने कळवलं की वाट न बघता जुनी जोडणी तोडायची आणि ताजी मागणी टाकायची. आणि अजून एक खोट होती, तीनदा प्रयत्न फसला की प्लेअर एरर टाकून कायमचा थांबायचा, माणसाने पुन्हा बटण दाबेपर्यंत. ती मर्यादा पण काढली. क्विक प्रोटोकॉल, टीसीपीच्या जागी वापरायचा, तो २०२१ मध्ये स्टँडर्ड झालेला, त्यात हे प्रकरण बरंच सुसह्य होतं म्हणे, पण सर्व्हर बदलायला मित्राला गणपतीनंतर वेळ आहे. ठीक.

६ ऑगस्ट, मंगळवार

लोकेशनवरून भांडण. टाइमटेबल उपयोगाचं नाही हे उक्षीने दाखवलं, मग गाडी कुठे आहे ते फोनलाच विचारायला हवं. दादा भडकला, नाटकाच्या अ‍ॅपला माझा ठावठिकाणा कशाला, माझी आई तर लगेच नाही दाबेल. आणि तो बरोबर आहे. मी म्हटलं पण लागतंच. पाऊण तास तेच.

शेवटी तोडगा. एक बटण, 'मी कोकण रेल्वेत आहे'. ते दाबलं तरच विचारायचं, आणि विचारायचं ते पण ढोबळ लोकेशन, अँड्रॉइड १२ पासून तशी वेगळी सोय आहे, एखाद-दोन किमी इकडेतिकडे. आम्हाला कुठे घर नंबर हवाय? संगमेश्वर आलं एवढं कळलं की पुरे. ढोबळ असल्याने जीपीएस चालू ठेवावं लागत नाही, बॅटरी पण वाचते, आणि गाडीत चार्जिंगच्या पॉइंटवर काय मारामारी असते ते सगळ्यांना माहितीय.

मग सगळंच नाटक आधी उतरवून का नाही ठेवायचं, हा प्रश्न मित्राने विचारलाच. अडीच तासाचं नाटक, पाऊणेक जीबी होतं. दिवसाला दीड जीबीवाली माणसं, त्यात या जुलैपासून रिचार्ज महागलेत, आणि निम्मे लोक पहिल्या वीस मिनिटांत दुसरं नाटक लावतात. तांदूळ भरायचे तर भरा पण अख्खं गोदाम नको. उतरवून घ्यायचं बटण वेगळं आहेच, ते कुणी वापरत नाही. गाडी सुटेपर्यंत कुणाला आठवत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

आवाज आणि चित्र आमच्याकडे एकाच फायलीत गुंफलेले होते, ते सुटे केले. पुन्हा एन्कोड करावं लागलं नाही, नुसतं वेगळं काढून ठेवायचं, त्यामुळे सगळी नाटकं दोन रात्रींत झाली. पण प्लेअरला दोन्हींसाठी एकच पुढचा हिशोब असतो, चित्र ५० सेकंद तर आवाज पण ५०. त्याला पटवणं हेच आठवड्याचं काम झालं. आता चित्र ५० सेकंद, आणि बटण दाबलेलं असेल तर आवाज पुढच्या मोठ्या बोगद्याच्या हिशोबाने, करबुड्यासाठी दहा मिनिटांच्या वर.

रॅममध्ये ठेवून चालत नाही हे पण कळलं, तीन जीबी रॅमच्या फोनवर माणूस दोन मिनिटं व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की अ‍ॅपच मारलं जातं आणि बेगमी पाण्यात. सगळं डिस्कवर.

कुठे भरायचं? आधी वाटलं होतं बोगद्याच्या तोंडाशी. चूक. तिथे बऱ्याचदा आधीच रेंज मेलेली असते. चिपळूणला भरायला घ्यायचं, राहिलं तर सावर्डे, संगमेश्वर. पावणेपाच एमबी, चिपळूणच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी असतानाच होऊन जातं.

५ सप्टेंबर, गुरुवार

दादा गणपती स्पेशलने निघालाय, फोनवर नवीन व्हर्जन. मी मुद्दाम त्याला पाठवलं कारण मला तिकीट मिळालं नाही (खरं कारण हेच).

रात्री त्याचे मेसेज तुटक तुटक येत होते. चिपळूणला फुल्ल काड्या, भरलं शून्य. प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या, दरवाजात माणसं लटकलेली, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. स्लीपरच्या एका डब्यात ८० बर्थ, त्यात बसलेले किती ते देव जाणे. काड्या सांगतात टॉवरचा आवाज किती मोठा येतोय, आपला नंबर कधी लागणार ते सांगत नाहीत. बोगद्यातून बाहेर आल्यावर पण हेच, हजारभर फोन एकाच क्षणी 'मी आलो' म्हणून ओरडतात, ४जीच्या एका सेलला (टॉवरच्या एका भागाला) ओरडायच्या ६४ च तऱ्हा असतात, दोघांनी एकच निवडली की दोघांचंही वाया, पुन्हा ओरडा.

म्हणजे स्टेशनवरच भरायचं हा माझा नियम गणपतीत उलटा पडला. दादाचं शेवटी भरलं ते सावर्ड्याच्या पुढे कुठेतरी, गाडी मोकळ्यात उभी असताना. अ‍ॅप थोडं थोडं करून मागत राहिलं म्हणून, नाहीतर नसतंच झालं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दादाचा फोन. करबुड्यात आवाज शेवटपर्यंत चालला! सात मिनिटं वीस सेकंद. चित्र मिनिटभराने थांबलं, पखवाज चालू. बाहेर आल्यावर चार सेकंदांत चित्र आलं, पण आलं ते मागचंच, आवाजाच्या सहा मिनिटं मागे, आणि मग ते पकडायला धावत सुटलं, देव आणि राक्षस दोघं फास्ट फॉरवर्डमध्ये लढतायत. डबाभर हसले म्हणे. तो बग मोदक व्हायच्या आधी संपवला, चित्राने मागचं सोडून द्यायचं आणि थेट आवाजापाशी यायचं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्या. तक्रारींच्या वहीत बोगद्यात बंद पडतं अशी एकच नोंद, ती जुन्या व्हर्जनवरची. पण नवीन तीन आल्यात आणि तिन्ही एकसारख्या: 'बोगद्यात चित्र थांबतं आणि आवाज चालू राहतो, अ‍ॅप बिघडलंय, लवकर दुरुस्त करा.' त्यातली एक आत्याच्या शेजारच्यांची. तिने मला फोन करून झापलं पण, म्हणजे बेगमीची कल्पना जिची तिनेच.

म्हणून चित्र थांबल्यावर त्यावर एक ओळ दाखवायची ठरली. मित्राने लिहिलेलं: 'नेटवर्क उपलब्ध नाही, ऑडिओ मोड सक्रिय.' हे वाचून माणूस फोन झटकणारच. दादाचं: 'बोगदो इलो हा, कान उघडे ठेवा.' मस्त आहे पण पनवेलच्या अलीकडच्यांना आणि कारवारच्या पलीकडच्यांना कळायचं नाही, कीर्तनं ऐकणारे तर देशावरचे पण आहेत. शेवटी 'बोगदा आहे. आवाज चालू राहील, चित्र बाहेर गेल्यावर.' एवढंच. दादा रुसलाय, त्याचं वाक्य फक्त मालवणी भाषा निवडणाऱ्यांना दाखवू असं कबूल केलं.

राहिलेलं: उलटा प्रवास. परत येताना रत्नागिरीला भरायचं, आणि त्याआधी टिके आणि बेर्डेवाडी लागतात त्यांच्यासाठी राजापूरला. यादी उलटी वाचायची एवढंच आहे, पण आज दादा परतीच्या गाडीत आहे आणि ते मी अजून केलेलं नाही.